दहा गुंठ्यांचा हिशेब

पाच माणसांच्या कुटुंबाला नीट जगायला किती जमीन पुरे? महाराष्ट्रात हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार राज्यातले सरासरी वहिवाटीचे क्षेत्र १.३४ हेक्टर आहे, आणि मोठ्या खातेदारांमुळे हा आकडाही फुगलेलाच आहे. वाटण्या होत होत अनेकांच्या वाट्याला एकर, अर्धा एकर उरला आहे. एवढ्याशा तुकड्यात सोयाबीन किंवा कापूस घेऊन संसार चालत नाही, हे गावात कुणालाही विचारा. मग तोच तुकडा रासायनिक खतांवाचून, दाट आणि मिश्र लागवडीने, बागेसारखा हाताने जपला तर? चालेल म्हणणारे गेली पन्नास-साठ वर्षे आहेत, शंका घेणारेही तितकीच वर्षे आहेत. दोन्हीकडे आकडे आहेत, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत. ते का जुळत नाहीत याचा शोध घेताना मला पुन्हा पुन्हा एकाच जागी यावे लागले: शेताचा बांध. बांधाच्या आत काय पिकले हे सगळे सांगतात. बांधाबाहेरून काय आले, हे कुणी मोजतो, कुणी मोजत नाही.

पॅरिस, इंदूर, गारगोटी

थोड्या जागेत भरपूर पिकवण्याची कला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसभोवतीचे भाजीवाले माळी काचेच्या घंटा आणि चौकटी वापरून, घोड्याच्या लिदीच्या उष्णतेवर भर थंडीत पालेभाज्या काढत आणि एकाच वाफ्यात वर्षाला अनेक पिके घेत. त्यांच्या पद्धतीचे सविस्तर पुस्तक १८४५ मध्ये निघाले. पुढे रशियन विचारवंत क्रोपोट्किनने त्यांचा दाखला देऊन थोड्या जमिनीवरही माणसे सुखाने जगू शकतात असे मांडले. या बागांचा कणा म्हणजे शहरातले तबेले. रस्त्यावरून घोडे गेले, मोटारी आल्या, तशी लीद आटली आणि भोवतालची जमीन घरांनी खाल्ली. ही विद्या पुढे अॅलन चॅडविक या इंग्रज बागवानाने कॅलिफोर्नियात नेली. १९६७ मध्ये सांताक्रूझच्या विद्यापीठात त्याने बाग उभी केली, आणि त्याच वाटेने गेलेल्या जॉन जीव्हन्सने १९७४ मध्ये त्यावर पुस्तक लिहून या पद्धतीला मापे दिली: दोन फूट खोल खणलेले वाफे, षट्कोनी अंतरावर दाट लावणी, आणि कंपोस्टसाठी लागणारी पिकेही त्याच जमिनीत.

आपल्याकडचा धागा इंदूरचा. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्डने १९२४ पासून तिथे काडीकचरा, शेण, मूत्र आणि माती यांचे थर रचून खत करण्याची रीत बसवली. १९३१ साली तिच्यावर जे पुस्तक निघाले त्यावर हॉवर्डच्या जोडीला यशवंत वाड यांचे नाव आहे. जगभरच्या सेंद्रिय चळवळीने हॉवर्डला गुरू मानले, वाडांचे नाव मात्र फारसे कुणी घेत नाही. नंतर यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्यात, सुमारे शंभर किलो शेणात चौदा-पंधराशे किलो काडीकचरा आणि माती घालून खत करून दाखवले. तेच नाडेप. शेण कमी आणि कचरा जास्त, अशा घरांसाठी तो मोठा आधार ठरला.

तिसरे गाव गारगोटी. तिथल्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करायचा, मोजायचा आणि पत्रांतून, भेटींतून तो इतरांना सांगायचा, अशी ती अनौपचारिक शाळा. तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांच्या यशामागे या परिवाराचा वाटा मानला जातो. याच शाळेतून 'दहा गुंठे प्रयोग' पुढे आला.

दहा गुंठ्यांची मांडणी

दाभोळकरांनी प्रश्न जमिनीकडून उन्हाकडे वळवला. एकरी उत्पन्न विचारण्याऐवजी ते विचारत की अंगावर पडणारे ऊन किती चौरस फूट हिरव्या पानाने झेलले? जमीन उघडी राहिली तर ऊन वाया गेले. म्हणून उंच, मध्यम, बुटकी, वेलवर्गीय अशी झाडे एकत्र लावायची, पाने पिवळी पडण्याआधी छाटायची आणि ती मातीला परत द्यायची. पाव एकरात, म्हणजे १०,८९० चौरस फुटांत, पाच माणसांचे कुटुंब घरच्याच माणसांच्या रोजच्या काही तासांच्या कामावर चांगले खाऊन, वर काही विकून राहू शकते, असा त्यांचा दावा होता. पुढे दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशात बजवाड्याला हीच पद्धत 'अमृत माती'च्या रूपाने रुजवली: शेण, गोमूत्र आणि गूळ यांच्या पातळ पाण्यात भिजवलेला सुका पालापाचोळा, त्याचा ढीग, त्यावर नाना प्रकारचे बी पेरून कोवळेपणीच कापून त्यातच मिसळणे. चार-पाच महिन्यांत काळी, भुसभुशीत माती तयार होते. ती होते यात वादच नाही, कुणीही करून पाहू शकतो. वाद आहे तो पुढच्या हिशेबाचा.

सुभाष पाळेकरांची भूमिका वेगळी आहे, आणि सेंद्रिय म्हणून तिला दाभोळकरांच्या गोटात ढकलणे दोघांवरही अन्याय आहे. विदर्भातल्या बेलोऱ्याच्या या शेतकऱ्याला कंपोस्ट मान्य नाही, गांडूळ खत तर नाहीच. त्यांचे म्हणणे असे की, जमिनीत अन्नद्रव्ये आहेतच, ती पिकाला उपलब्ध करून देणारे जीवाणू तेवढे जागे करायचे. त्यासाठी जीवामृत: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. जोडीला आच्छादन आणि पाच थरांची बाग. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, आंध्र प्रदेशाने त्याच सुमारास नैसर्गिक शेतीचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने २,४८१ कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. एका शेतकऱ्याची कल्पना सरकारी अंदाजपत्रकापर्यंत पोहोचल्याची अशी उदाहरणे विरळाच.

शास्त्रज्ञांचे म्हणणे

कृषिविद्यापीठांतला मुख्य आक्षेप अन्नद्रव्यांच्या जमाखर्चाचा आहे. तो नेमका काय आहे हे कागद-पेन्सिल घेऊन पाहण्यासारखे आहे. चांगल्या शेणखतात नत्र सुमारे अर्धा टक्का असते, म्हणजे टनाला पाच किलो. संकरित टोमॅटोला हेक्टरी तीनशे किलो नत्राची शिफारस असते. दहा गुंठ्यांना ते तीस किलो होते, म्हणजे एका पिकाला सहा टन शेणखत. आता जीवामृत घ्या. त्यातले शेण, मूत्र, बेसन या सगळ्यांचे नत्र जमेला धरले तरी एका टाकीत पाव किलोच्या आतबाहेर भरते, आणि ती टाकी आहे एकरासाठी. महिन्यातून दोनदा दिली तरी वर्षाचे पाच-सहा किलो. उरलेले कुठून येते? पाळेकरांचे अनुयायी म्हणतात की जीवामृत हे खत नव्हेच, विरजण आहे. नत्र हवेतून, द्विदल आंतरपिकांतून येते. शास्त्रज्ञ म्हणतात, नत्राचे समजू शकतो, पण स्फुरद आणि पालाश हवेत नसतात. बाजारात गेलेल्या प्रत्येक टोपलीबरोबर ते शेताबाहेर जातात, आणि जमिनीतला साठा कितीही मोठा असला तरी अमर्याद नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने पुरेशा पुराव्याअभावी या पद्धतीचा सरकारी पुरस्कार करू नये अशी भूमिका घेतली, ती याच धर्तीवर. दोन्ही बाजू आपापल्या जागी सुसंगत आहेत. त्यांच्यातला निवाडा एकाच जमिनीत पंधरा-वीस वर्षे दर हंगामाला माती तपासूनच होईल, आणि दहा-वीस गुंठ्यांच्या मिश्र बागेत असे दीर्घकाळचे प्रयोग फारच कमी झाले आहेत.

उत्पादनाबद्दल जगभरच्या तुलना मात्र बऱ्याच उपलब्ध आहेत. २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात सेंद्रिय उत्पन्न प्रचलित रासायनिक शेतीपेक्षा परिस्थितीनुसार पाच ते चौतीस टक्क्यांनी कमी आढळले. दोन वर्षांनी झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सरासरी तूट सुमारे एकोणीस टक्के निघाली, पण जिथे सेंद्रिय शेतात मिश्र पिके किंवा फेरपालट होती तिथे ती आठ-नऊ टक्क्यांवर आली. ही दुसरी ओळ छोट्या बागवाल्यांसाठी महत्त्वाची आहे. कारण बहुतेक तुलना एका पिकाच्या एका शेताची दुसऱ्याशी होते. पपईखाली हळद, हळदीच्या कडेला मिरची, कुंपणावर घेवडा अशा बागेचे 'एकरी उत्पन्न' किती धरायचे? किलोत मोजले तर केळी जिंकते, उष्मांकात मोजले तर रताळे, रुपयांत मोजले तर कोथिंबीर, तीही बाजार चढा असेल त्या दिवशीच.

अर्थशास्त्रातला जुना वाद

लहान शेत अधिक पिकवते का, हा वाद सेंद्रिय चळवळीहून वेगळा आहे आणि तो भारतातच पेटला. अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक वीकली'त दाखवले की पन्नासच्या दशकातल्या शेतव्यवस्थापन पाहण्यांमध्ये शेत जितके लहान, तितके एकरी उत्पन्न अधिक दिसते. लहान शेतकरी घरच्या माणसांचे श्रम हातचे न राखता ओततो, हे त्यांनी दिलेले एक कारण. पण त्याच लेखात त्यांनी दुसरेही निरीक्षण नोंदवले होते, आणि ते फारसे उद्धृत होत नाही: घरच्या श्रमाला बाजारातली मजुरी लावली तर भारतीय शेतीचा बराच भाग तोट्यात जातो. दहा गुंठ्यांचे समर्थक पहिले निरीक्षण सांगतात, टीकाकार दुसरे. दोन्ही एकाच पानावरची आहेत.

पुढे सुरजित भल्ला आणि प्रणय रॉय यांनी (हो, तेच, पुढे दूरचित्रवाणीवर निवडणुकांचे निकाल सांगणारे) १९८८ मध्ये जमिनीचा कस हिशेबात धरला आणि लहान शेताचा फायदा बराच आक्रसलेला दिसला. सुपीक जमिनीत दाट वस्ती होते, तिथेच तुकडे पडतात, असा त्याचा अर्थ. २०१९ मध्ये युगांडातल्या एका अभ्यासात शेतकऱ्याच्या तोंडी सांगण्याऐवजी प्रत्यक्ष पीककापणी करून उत्पन्न मोजले, तेव्हा हा उलटा संबंधच नाहीसा झाला. वाद अजून मिटलेला नाही, पण 'लहान म्हणजे आपोआप अधिक उत्पादक' असे सरसकट विधान आज कुणी अर्थशास्त्रज्ञ सहज करणार नाही.

बांधाबाहेरची जमीन

आता बांधाकडे येऊ. जीव्हन्सच्या हिशेबाने एका शाकाहारी, दूधही न घेणाऱ्या माणसाचे वर्षाचे अन्न आणि त्यासाठीचे कंपोस्ट मिळून सुमारे चार हजार चौरस फूट लागतात. म्हणजे पावणेचार गुंठ्यांच्या आसपास. पाच माणसांना अठरा गुंठे. दाभोळकरांचे दहा, जीव्हन्सचे अठरा. फरक थोडा उन्हाचा आहे, कारण कॅलिफोर्नियाच्या डोंगरात आपल्यासारखे बारमाही पीक येत नाही. पण मोठा फरक असा की जीव्हन्स साठ टक्के जमीन कंपोस्टला काडी आणि खायला दाणे देणाऱ्या पिकांखाली ठेवतो, तीस टक्के कंदांखाली, आणि भाजीला उरते दहा टक्के. बाहेरून खत आणायचे नाही हा त्याचा नियम आहे. हा नियम पाळला की भाजीची हिरवीगार बाग एकदम आकसते. अमृत मातीच्या ढिगाला लागणारा पालापाचोळा आणि उसाचे पाचट कुठून आले, हे विचारले की आपल्याकडचे दहा गुंठेही पसरू लागतात.

हे परंपरेला ठाऊक होते. गोव्यातली कुळागरे किंवा शिरसी-सिद्धापूरकडच्या हव्यकांच्या सुपारीबागा पाहा: पाटाचे पाणी, सुपारीवर चढलेली मिरी, मध्ये केळी, जायफळ, वेलदोडा. छोट्या जागेत बहुथरी शेतीचा याहून सुंदर नमुना दाखवणे कठीण. पण उत्तर कन्नडमध्ये या बागांना ब्रिटिश काळापासून 'बेट्ट' जमिनीचा हक्क आहे, घाटावर एकरी बागेमागे नऊ एकर रानापर्यंत. तिथला पाला कापून बागेत घालतात. एक एकर दिसते, दहा एकर राबतात. कोकणात भाताच्या रोपासाठी भाजावळ करताना वरकस जमिनीवरचा टहाळा आणि गवत खाचरात येते, तोच प्रकार.

फ्रान्समधली एक चौकशी इथे नेमकी लागू पडते. नॉर्मंडीतल्या बेक-एल्लुएँ या शेतावर तिथल्या कृषिसंशोधन संस्थेने तपासले की हजार चौरस मीटरमध्ये, म्हणजे जवळपास आपल्या दहा गुंठ्यांतच, एका माणसाचा चरितार्थ निघतो का. २०१५चा अहवाल म्हणाला, निघतो. टीकाकारांनी लगेच दाखवले की ते हजार मीटर कितीतरी मोठ्या शेताच्या पोटात आहेत आणि माल पॅरिसच्या महागड्या उपाहारगृहांना जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अहवालाने जे मोजले ते बरोबर मोजले. कुंपण कुठे घातले यावर वाद झाला.

पाण्यालाही हाच न्याय. एका दिवसात पिकाने पाच मिलिमीटर पाणी घेतले असे धरले, तरी दहा गुंठ्यांना रोज पाच हजार लिटर लागते. आच्छादनाने मातीतले बाष्पीभवन घटते, पानांतून जाणारे नाही. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये हा आकडा याहून मोठाच होतो. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत सुरू केली, तेव्हा पाणी जमिनीच्या मालकीवर न देता माणशी अर्ध्या एकराला आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला दिले, भूमिहीनांनाही दिले आणि उसाला बंदी घातली. छोट्या शेतीच्या चर्चेत माती आणि जीवाणूंवर पानेच्या पाने लिहिली जातात. नायगावचा हा प्रश्न, म्हणजे तुकड्याला पाणी कुणाच्या वाट्याचे मिळणार, बहुधा एका वाक्यात उरकला जातो. मला तो मध्यवर्ती वाटतो.

कुणाचे श्रम, कुणाचे ताट

'घरच्या माणसांचे काही तास' म्हणजे बहुतेक घरांत बाईचे तास. हे जिथे उघड मान्य झाले तिथले काम अधिक भरवशाचे वाटते. लातूर-धाराशिव भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांना घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर स्वतःच्या निर्णयाने कसायला मिळावा असा आग्रह धरला: भाज्या, डाळी, तृणधान्ये, आधी घरचे ताट आणि मग बाजार. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्यातला महत्त्वाचा बदल खताचा नाही. काय पेरायचे हे ठरवणारे माणूस बदलले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी परसबागेतून गावरान वाणांचा संग्रह उभा केला आणि त्यांच्या कामाला पद्मश्रीची दाद मिळाली.

पोषणाचा पुरावा मात्र अर्धाच आहे. घराशेजारी बाग असली की ताटात भाज्या-फळांचे प्रकार वाढतात, हे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत बऱ्यापैकी सातत्याने दिसते. मुलांची वाढ किंवा रक्तातले लोह यांवर परिणाम होतो का, याचे उत्तर स्पष्ट नाही. बरेच अभ्यास लहान आणि थोड्या मुदतीचे आहेत.

शहराकडे येताना मोजण्याचे परिमाणच बदलते. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाची चिपाडे आणि थोडी माती भरलेल्या पिशव्या-पिंपांत भाज्या पिकवून दाखवल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली, तीही दाभोळकरांच्याच विचाराने. पुणे महापालिका गांडूळ खत प्रकल्पाला मिळकतकरात सवलत देते. गच्चीवर धान्य पिकून घर चालत नाही, तसे कुणी प्रामाणिक माणूस म्हणतही नाही. पण जो कचरा गाडीने शहराबाहेर जाणार तो वरच्या मजल्यावर मुरतो, आणि बांधाच्या हिशेबात शहर हे अन्नद्रव्यांचे सगळ्यात मोठे कोठार आहे. ती शेतात परत कशी न्यायची, हा प्रश्न पॅरिसच्या घोड्यांनी सोडवला होता. आपल्याकडे ओला कचरा वेगळा होतो तिथेही त्यात काच, बॅटऱ्या आणि प्लॅस्टिक निघते, म्हणून शेतकरी ते खत घ्यायला बिचकतो. मुंबईत रेल्वेरुळांलगत पिकणाऱ्या पालेभाज्यांविषयीची भीतीही याच जातीची: जमीन मिळाली, पाणी नाल्याचे.

काय उरते

काही गोष्टींवर आता फारसा वाद राहिलेला नाही. आच्छादन, मिश्र पीक आणि सेंद्रिय कर्ब वाढवणे मातीला हितकारक आहे, हे कृषिविद्यापीठेही सांगतात. छोट्या बागेतून कुटुंबाची भाजी निघते. तृणधान्यासह सगळे अन्न निघते का, हे प्रत्येक ठिकाणच्या पाण्यावर आणि बाहेरून येणाऱ्या काडीवर ठरते. रोख उत्पन्नाचे तर बाजार ठरवतो. पाच शेतकऱ्यांचा गट करून एकमेकांच्या साक्षीने प्रमाणपत्र घेण्याची सहभागी हमी पद्धत स्वस्त आहे, पण पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला दुसऱ्या तालुक्यातल्या पाच जणांच्या शब्दावर किती विश्वास वाटतो, हे अजून ठरायचे आहे. शेणाचा प्रश्न वाढतच जाणार. ट्रॅक्टर आले, दावणीचे बैल गेले, आणि ज्या पद्धती शेण-गोमूत्रावर उभ्या आहेत त्यांना हे कसे परवडणार, यावर दोन्ही बाजूंनी पुरेसे बोलले जात नाही. नाडेपचे कमी शेणाचे गणित इथे पुन्हा उघडून पाहावे असे मला वाटते.

आणि जमिनीचा कायदा. तुकडेबंदीखाली २०२३ मध्ये राज्याने बागायत जमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र १० आर केले, म्हणजे योगायोगाने दहाच गुंठे. मालकाला एवढा तुकडा विकत घेता-देता येईल. पण ज्याच्याकडे तेवढाही नाही तो खंडाने किंवा बटाईने करतो, आणि कूळकायद्याच्या धास्तीने मालक कागद करत नाही. तोंडी व्यवहार, एका हंगामापुरता. अमृत मातीचा ढीग चार-पाच महिन्यांत होतो, पण सपाट, दमलेली जमीन बागेसारखी व्हायला तीन-चार वर्षे जातात. पुढच्या पाडव्याला जमीन आपल्याकडे असेल की नाही हे ज्याला माहीत नाही, तो तिच्यात पाला-पाचट का मुरवेल? नीती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला. मालकाचा हक्क सुरक्षित ठेवून कसणाऱ्याला लेखी मुदत देणे हा त्याचा गाभा. छोट्या सेंद्रिय शेतीच्या मेळाव्यांत जीवामृताच्या पिंपाभोवती गर्दी असते. या कागदाची चर्चा तिथे अजून सुरू व्हायची आहे.